सकाळपर्यंत मागितलेला वेळ

निवृत्त झाल्यापासून मी सकाळी ज्या बागेत फिरायला जातो, तिथं आम्हा म्हाताऱ्यांचा एक बाक ठरलेला आहे. पाच जण मावतात, सहावा उभा राहतो. त्या वर्षी महिनाभर बाकावर एकच विषय चालला होता. दूरच्या एका देशाच्या राज्यकर्त्यानं भयंकर हत्यारं लपवून ठेवली आहेत म्हणे. ती तो वापरायच्या आत त्याच्यावर चालून जावं की जाऊ नये. आमच्यापैकी कुणीच तो देश पाहिलेला नव्हता. एकाचा मेहुणा त्या बाजूला कुठंतरी नोकरीला होता, तेवढ्यावर त्याच्या मताला वजन होतं.

बांधकामाची कंत्राटं घेऊन थकलेले एक गृहस्थ लढाईच्या बाजूनं होते. ते म्हणाले, "तपासणीवाले म्हणतात अजून थोडा वेळ द्या. कशाला वेळ? वेळ मागतोय म्हणजेच लपवतोय. सरळ हिशोब आहे."

"माझ्या घराच्या स्लॅबला तुम्ही चारदा वेळ मागितला होता," शेजारचे म्हणाले, "तिथं काय लपवलं होतं?"

"सिमेंट," तिसऱ्यानं उत्तर दिलं, आणि बाक हसला.

हसणं संपल्यावर कंत्राटदार माझ्याकडं वळले. "सर, तुम्ही बोला. तुम्ही वादविवादाचे कप मारलेले. तुमचं काय म्हणणं?"

मी गुडघ्याचं निमित्त सांगून उठलो आणि घरी आलो. वेळ मागतोय म्हणजेच लपवतोय, हे वाक्य माझं होतं. अठ्ठेचाळीस साली पोलिस अ‍ॅक्शन झाल्यावर तीनेक आठवड्यांनी आमच्या गावी एका परसात उभा राहून मी ते जवळजवळ याच शब्दांत बोललो होतो, आणि त्यापायी एक माणूस मेला. ही गोष्ट आजवर मी कुणाला सांगितली नाही. जे लिहून ठेवलं ते खोटं लिहून ठेवलं. आता पंचाहत्तरी उलटली, म्हणून खरं काय ते लिहितो.

आमचं गाव हर्सूल ओलांडून फुलंब्रीकडं जाताना रस्त्यापासून थोडं आत आहे. आमच्या शेताला लागून ज्यांचं शेत होतं, त्यांना मी चाचा म्हणत असे. बांध एक, विहिरीवर पाळी एक, आणि वडिलांची त्यांच्याशी लहानपणापासूनची दोस्ती. वडील त्यांना भाई म्हणत, ते वडिलांना दादा. मुसलमानांची सात-आठ घरं गावाच्या उगवतीला एका गल्लीत होती, त्यातलं शेवटचं चाचांचं.

मी शहरात शिकायला होतो. तेव्हा शिक्षण उर्दूतून. कॉलेजात मुबाहिसा होई, म्हणजे वादविवादाची स्पर्धा. टोपीतून चिठ्ठी काढायची. जी बाजू निघेल ती खरी म्हणून मांडायची, मग मनात काही का असेना. मला ते छान जमे. माझे उच्चार मात्र गावठी होते. सुट्टीत गावी आलो की चाचा विहिरीच्या काठावर बसवून माझं भाषण ऐकत. "गळ्यातून काढ, बेटा. ओठातून नाय. तू बकरीला हाक मारतो का दरबारात बोलतो?" त्यांच्यामुळं माझं बोलणं सुधारलं आणि एका वर्षी मला कप मिळाला. तो चाचांनीच गावभर मिरवला. तेव्हापासून गाव मला वकील म्हणू लागलं.

आता पेवाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. दोन पुरुष खोल खड्डा, पोट मोठं, तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत कडब्याचं अस्तर, मग ज्वारी, तोंडावर फरशी, फरशीवर शेणामातीचा लेप आणि वर माती. वर्ष-दोन वर्षं धान्याला काही होत नाही. पण बंद पेवातली हवा मारक असते. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. तोंड मोकळं करून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी दोरीनं कंदील सोडायचा. तो तळाशी जळत राहिला तरच माणूस सोडायचा. आमच्याकडं हे कुणाला शिकवावं लागत नसे.

त्या वर्षी ज्वारी निघाल्यावर वडिलांनी आणि चाचांनी मिळून एक पेव निम्म्यापर्यंत भरलं. लेव्हीचे दिवस होते. ठरलेल्यापेक्षा जास्त धान्य घरात सापडलं तर सरकार उचलून नेई. आमच्या परसात ओल लागायची, म्हणून पेव चाचांच्या परसात. पोती वाहायला मी होतो. त्या पेवात खाली काय आणि वर काय, हे गावात चार माणसांना ठाऊक होतं. वडील, चाचा, चाची आणि मी.

पोलिस अ‍ॅक्शनच्या आधीचं वर्ष भीतीत गेलं. राजवटीच्या बाजूच्या हत्यारी टोळ्या रस्त्यारस्त्यानं फिरत. एकदा अशी एक टोळी आमच्या गावात आली, चाचांच्या ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि गेली. त्यांना पाणी नाही म्हणायची छाती कुणाला होती? पण ते पाणी गावाच्या लक्षात राहिलं. मग लष्कर आलं, चार-पाच दिवसांत राज्य बदललं, आणि भीतीनं बाजू बदलली. रोज नवी बातमी. अमक्या गावी विहिरीत बंदुका सापडल्या. तमक्या गावी कडब्याच्या गंजीत भाले निघाले. आमच्या गावात काहीच सापडेना, याचीच लोकांना काळजी वाटू लागली.

त्यातच एकानं पाहिलं की चाचा परसात ताज्या मातीचा ढीग चोपत होते. पावसानं पेवाच्या तोंडावरची माती खचली होती, म्हणून ते नवी टाकत होते. दुपारपर्यंत गावात झालं की तिथं हत्यारं पुरली आहेत.

दुपारची जेवणं झाल्यावर चावडीपुढं गाव जमलं. वडील आत्याची खबर घ्यायला गंगापूरला गेले होते. लोकांच्या हातात कुऱ्हाडी होत्या, पण अजून त्या खांद्यावरच होत्या. एक गट म्हणत होता, गल्लीवर आत्ताच जाऊ, ते उठायच्या आत आपण उठू. दुसरा म्हणत होता, तालुक्याला खबर देऊ. विरोधात मोठ्यानं बोलला तो एकटा म्हातारा लोहार.

"मला एक सांगा," तो म्हणाला, "हत्यार असतं तर धारेला कुणाकडं आलं असतं? पंचक्रोशीत भाता माझाच हाय ना? तीस वर्सं झाली, त्या घरातून माझ्याकडं इळा आलाय, खुरपं आलंय. तलवार नाय आली."

लोक हसले. हवा जरा सैल झाली. त्याच वेळी कुणीतरी म्हणालं, "वकील, तू बोल. तू शिकलेला."

इथं मी थांबून स्वतःला विचारतो, तेव्हा माझ्या मनात नेमकं काय होतं. पेवात ज्वारी आहे हे मी सांगू शकत होतो. एक वाक्य. पण मग ज्वारी कुणाची, हेही सांगावं लागलं असतं. गावात अर्ध्या घरांत एक वेळची भाकर होती, आणि मी तर नव्या राज्यात गावाचा पुढारी व्हायची स्वप्नं पाहत होतो. शिकलेल्या मुलाच्या घरचं धान्य लपवलेलं, हे मला चारचौघांत सांगवेना. हे एक कारण. दुसरं कारण लिहायला जास्त जड जातं. दोनशे माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि लोहारानं जो मुद्दा मांडला होता त्याला माझ्याकडं उत्तर तयार होतं. ते मला वाया जाऊ द्यायचं नव्हतं.

"बाबा," मी लोहाराला म्हणालो, "बंदुकीला धार लावायला लोहाराकडं नेतात का?"

गाव खदखदून हसलं. म्हातारा ओशाळला. मग मी बोलत सुटलो. साप बिळात आहे हे दिसल्यावर तो चावेपर्यंत थांबायचं का, असं विचारलं. टोळीला पाणी कुणी दिलं, ते विचारलं. आधी तोंडातून एकेक शब्द सावकाश, मग वेग, मग एकदम थांबणं. चाचांनी शिकवलेलं सगळं वापरलं. गल्ली जाळा असं मी म्हणालो नाही. मी म्हणालो, आधी पेव उघडा, आतून जे निघेल त्यावर गल्लीचं ठरवू. मला वाटलं, मी शहाणपणाचा मधला रस्ता काढला. ज्वारी निघेल, चाचा सुटतील, आणि आपल्याला काही सांगावं लागणार नाही. असं मी मनाला पटवलं होतं. माझ्याच बोलण्याचा माझ्यावर इतका परिणाम झाला होता, की ज्वारीच्या खाली नंतर कुणी काही ठेवलं असेल का, अशी शंकाही मला येऊन गेली.

दिवस कलायला लागला तेव्हा आम्ही चाचांच्या परसात पोहोचलो. चाचांनी मला गर्दीच्या पुढं पाहिलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांना वाटलं, मी आलो म्हणजे आता मिटलं. त्यांनी वडिलांचं नाव घेतलं नाही. ज्वारी दोघांची आहे, हेही बोलले नाहीत. आमच्या घराची लाज त्यांनी शेवटपर्यंत राखली.

"उघडा ना," ते म्हणाले. "धान्य हाय. माझा गुन्हा हाय, लेव्हीवाल्याला सांगा. पण उघडून रातभर राहू द्या. सकाळी उतरू. तुमच्यातलाच माणूस उतरवा, मी नाय उतरत."

चार जणांनी माती ओढली, फरशी सरकवली. आंबूस, गरम वास वर आला. पुढं असलेले मागं सरले.

"सकाळपर्यंत वेळ द्या," चाचा पुन्हा म्हणाले. "तुम्हाला म्हाईत नाय का पेवाचं? इथंच बसा पाहिजे तर. मी चहा करायला सांगतो."

गर्दी घुटमळली. सगळे शेतकरीच होते, पेवाचं प्रत्येकाला ठाऊक होतं. दोन-तीन जण खाली बसायलाही लागले. तेव्हा मी बोललो. "वेळ मागतात, म्हणजे काहीतरी लपवायचंय. रात्रीतून गल्लीतले लोक जमले तर?"

बसलेले उठले. कुणी कंदील आणला. तो दोरीनं आत सोडला. निम्म्यावर गेला नाही तोच ज्योत पिवळी झाली आणि विझली. हे तिथल्या सगळ्यांनी पाहिलं. मी म्हणालो, "हिसक्यानं विझला."

मी असं का म्हणालो ते आजही मला सांगता येत नाही. एकदा घेतलेली बाजू सोडायची नसते, हे मी शिकलो होतो.

मागून आवाज यायला लागले, गल्लीकडं चला म्हणून. कुऱ्हाडी खांद्यावरून खाली आल्या. चाचांनी गल्लीकडं पाहिलं, दारात उभ्या असलेल्या बायकोकडं आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलीकडं पाहिलं. मग कमरेला दोर बांधला. टोपलं घेतलं. दोराचं दुसरं टोक मुलीच्या हातात दिलं, तिच्यामागं दोन बाप्ये उभे राहिले. माझ्याजवळून जाताना ते हळू आवाजात म्हणाले, "बेटा, तू तर पोती वाहिली व्हती." त्यात राग नव्हता. आठवण करून द्यावी तसं म्हणाले.

एक टोपलं वर आलं. ज्वारी. लोकांनी त्यात हात घातले. दुसरं टोपलं वर आलं नाही. मुलगी दोर ओढत अब्बा, अब्बा म्हणत राहिली. बाप्यांनी ओढून त्यांना वर काढलं तेव्हा श्वास नव्हता.

गल्लीवर कुणी गेलं नाही. कुऱ्हाडी घेऊन लोक मुकाट्यानं घरी गेले. दुसऱ्या दिवशी पेवाला हवा लागल्यावर त्याच लोकांनी तळापर्यंत ज्वारी काढली. खाली कडबा होता. ज्वारी गावानं वाटून घेतली, आणि आमच्या घरीही दोन पोती आणून टाकली. माझ्या भाषणाचा मान म्हणून.

तिसऱ्या दिवशी तालुक्याहून जमादार आला. पंचनामा लिहायला शिकलेला माणूस हवा होता. मी लिहिला. कचेरीचं काम अजून उर्दूतच चालायचं. मी लिहिलं की मयत स्वतःच्या मर्जीनं आणि घाईनं पेवात उतरला, आणि हत्यारं आधीच हलवली गेली असावीत. पाच पंचांनी खाली अंगठे उठवले. लोहारानं मात्र अंगठा दिला नाही. "वाचून दाखव," म्हणाला. मी वाचून दाखवल्यावर अंगरख्याला हात पुसून निघून गेला.

वडील चौथ्या दिवशी परतले. गावाच्या वेशीवरच त्यांना कळलं असावं. ओसरीत पोती दिसली, त्यांच्याकडं बघत बसले. मी समोर गेलो.

"तुला म्हाईत व्हतं," ते म्हणाले.

"व्हय."

यापुढं त्यांनी कधीच काही विचारलं नाही. ती ज्वारी त्यांनी बैलांपुढं ओतली. बारा वर्षं जगले, माझं लग्न केलं, नातवंडं मांडीवर घेतली. पण माझं भाषण जिथं असेल तिथं आले नाहीत.

मी शहरात मास्तर झालो. वादविवादासाठी मुलं तयार केली, कप आणले. चाची आणि मुलगी गाव सोडून शहरात नातेवाइकांकडं गेल्या होत्या. त्या मुलीचं लग्न झालं, तिच्या नवऱ्यानं सायकलींचं दुकान टाकलं. दुकान कुठं आहे, हे मला चाळीस वर्षं ठाऊक होतं. शाळेला जायचा माझा जवळचा रस्ता तिथूनच होता. मी लांबच्या रस्त्यानं जात असे.

बागेतल्या त्या सकाळनंतर आठ दिवसांनी मी जवळच्या रस्त्यानं गेलो. दुकान आता तिचा मुलगा बघतो. वर घर आहे. ती पलंगावर बसून लसूण सोलत होती. मी दारातून हाक दिली. नाव सांगायच्या आतच ती म्हणाली, "बसा, भाई. तुमचा आवाज तसाच हाय."

मी सगळं सांगितलं. पोती, भाषण, कंदील, पंचनामा. ती लसूण सोलत राहिली.

"मला कशाला सांगता?" शेवटी म्हणाली. "मी तिथंच व्हते, दोर धरून. गावाला सांगा. माझा जावई फुलंब्रीला गाडी चालवतो. गाडीत बसलेले गावाचे लोक त्याला खिडकीतून दाखवत्यात, तिकडं आत हत्याराचं पेव हाय म्हणून. तो ऐकून घेतो. त्याला ठाऊक नाय ते कुणाचं."

पुढच्या ग्रामसभेला मी गावी गेलो. सरपंच चाळिशीतला, बोलायला चांगला. ग्रामसेवक म्हणाला, "तुमचा विषय विषयपत्रिकेवर नाही, काका. ऐनवेळच्या विषयात घेऊ." नाली दुरुस्ती, पाण्याची मोटार, शाळेचं कुंपण झालं, आणि मग मला उभं केलं. या खेपेला मी भाषण केलं नाही. कागद नेला होता, तो वाचला. लोकांनी शांतपणे ऐकलं. ज्यांनी ते पाहिलं होतं, त्यातलं तिथं कुणीच उरलं नव्हतं.

सरपंच अदबीनं म्हणाला, "काका, तुम्ही एवढ्या लांबून आला, बरं वाटलं. पण अगोदरच हलवली असतील की हो हत्यारं. आमचे आजोबा तसंच सांगायचे."

"तुमच्या आजोबांचा त्या पंचनाम्यावर अंगठा आहे," मी म्हणालो. "वाक्य माझं आहे. मी ते बनवून लिहिलं. हलवायला काही नव्हतंच."

तो ग्रामसेवकाकडं बघून म्हणाला, "लिहून घ्या."

ग्रामसेवकानं लिहिलं. त्याची झेरॉक्स घेऊन मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडं गेलो. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं: गावातील जुन्या पेवात हत्यारे नव्हती, धान्य होते, असे निवेदन एका ज्येष्ठ नागरिकांनी केले, सभेने नोंद घेतली.

ती म्हणाली, "अब्बांनी वेळ मागितला व्हता. सकाळपर्यंत. ते लिवलं का?"

मी कागद पुन्हा पाहिला. माझ्या निवेदनात ते होतं. ग्रामसेवकानं थोडक्यात लिहिताना गाळलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग तुम्ही लिवा," ती म्हणाली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

म्हणून मी लिहायला बसलो. आधी तिच्यासाठी उर्दूत लिहिलं, ज्या भाषेत मी खोटं लिहिलं होतं त्याच भाषेत. अक्षर आता कापतं. ते घेऊन गेलो तेव्हा तिनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं, एकेक अक्षर गळ्यातून, तिच्या वडिलांसारखं. एका ओळीशी थांबली, तिच्यावर बोट ठेवलं आणि ती दुसऱ्यांदा वाचली. मयतानं सकाळपर्यंत वेळ मागितला होता. तो देण्यात कुणालाच अडचण नव्हती. तो देऊ नका, असं मी म्हणालो.